फराळ पण जेवणातच धरा: सणातल्या खाण्यापिण्याबद्दल तुमचे प्रश्न

नवरात्र संपलं की या सदरासाठी येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो, एरवीचे वजन-व्यायामाचे प्रश्न मागे पडतात आणि सगळे एकच विचारतात की आता दिवाळी आली, मग लग्नं, मग नाताळ, मग थर्टी फर्स्ट, तर खायचं काय आणि सोडायचं काय. म्हणून या वेळी फक्त तीच पत्रं घेतलीत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय, त्यामुळे सगळ्यांचीच नावं काढलीत, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (डोंबिवली, वय ४६): मी घरी तेलकट फार करत नाही, साखर पण बेताची. तरी दरवर्षी दिवाळी ते तुळशीचं लग्न एवढ्या दिवसांत दोन-तीन किलो वजन वाढतंच. ज्यांच्याकडे जाऊ तिथे फराळाची डिश समोर येते आणि नाही म्हटलं तर समोरची बाई खट्टू होते. मी जेवण एकदम कमी करते त्या दिवसांत, तरी फरक पडत नाही. काय चुकतंय?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात "जेवण कमी करते" असं आहे पण फराळ मोजल्याचं कुठेच नाही, आणि बहुतेक घरांत हेच होतं. फराळ आपण जेवणात धरतच नाही, ते "तोंडात टाकलं जरासं" या खात्यात जातं.

आता ती डिश एकदा नीट बघा. स्टीलची छोटी ताटली, त्यात एक बेसनाचा लाडू, एक करंजी, दोन चकल्या, मूठभर चिवडा आणि पाच-सहा शंकरपाळे. कोणी बघितलं तर म्हणेल एवढंसं तर दिलंय. पण मध्यम आकाराच्या लाडवात २०० च्या आसपास कॅलरी असतात, करंजीत दीडशेच्या पुढे, चकली एकेक शंभराची, चिवडा दीडशे, शंकरपाळे सव्वाशे, म्हणजे सगळं मिळून सव्वाआठशेच्या घरात जातं. आकार, तूप, तेल याप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल पण अंदाज हाच. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर आमटी आणि थोडा भात हे आपलं साधं जेवण साधारण सहाशेचं असतं. म्हणजे ती डिश जेवणापेक्षा मोठी आहे, आणि वर दोन चमचे साखरेचा चहा असतोच. पाडव्याला किंवा भाऊबीजेला अशी तीन घरं झाली आणि तुम्ही रात्रीच्या दोन पोळ्यांची एक केलीत तर वाचले फक्त शंभर.

हे असं होतं कारण फराळात पाणी जवळजवळ नसतंच, तो टिकवायचा पदार्थ आहे, मैदा किंवा भाजणी किंवा बेसन, तूप-तेल आणि साखर. एक ग्रॅम फॅटमध्ये ९ कॅलरी, पीठ आणि साखरेत ४. भाजी-आमटीत पाणी असतं, चोथा असतो, त्यामुळे पोट भरल्याचं कळतं. इथे ते कळायच्या आधी डिश संपलेली असते.

त्यामुळे माझं सांगणं एकच आहे, फराळ जेवणाच्या जागी धरा, जेवणाच्या वर नको. ज्या दिवशी संध्याकाळी दोन घरी जायचंय त्या दिवशी तो फराळच तुमचं रात्रीचं खाणं, घरी आल्यावर ताक किंवा टोमॅटोचं सार किंवा नुसती कोशिंबीर घ्या, बास. दुपारचं जेवण मात्र नीट करा, वरण, उसळ, भाजी सगळं पोटभर, कारण संध्याकाळी खायचंय म्हणून दुपारी उपाशी राहिलेला माणूस पहिल्याच घरी डिश साफ करतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

दुसरं म्हणजे सगळ्यातलं थोडं थोडं खाण्यापेक्षा जे खरंच आवडतं ते खा. अनारसा वर्षातून एकदाच मिळतो, कोणी निगुतीने केलेला जाळीदार अनारसा समोर आला तर तो खा आणि चवीने खा. पण पाकिटातून काढलेली शेव आणि दुकानातले शंकरपाळे बारा महिने मिळतात, ते ताटलीत राहिले तर काही बिघडत नाही.

आणि नाही कसं म्हणायचं. "आत्ताच खाऊन आले" हे चालत नाही, ते कोणीच ऐकत नाही. त्यापेक्षा डिश हातात यायच्या आधी, बाई स्वयंपाकघरात वळतायत तेवढ्यात सांगा, "काकू, मला फक्त तुमची चकली द्या, तुमच्या भाजणीची चव मला दुसरीकडे मिळत नाही, आणि एक लाडू बांधून द्या, घरी सगळे मिळून खाऊ." मान पण राहतो, पदार्थ पण वाया जात नाही. आणि तुमच्याकडे कोणी आलं की भरलेली डिश पुढे करण्यापेक्षा डबे मध्ये ठेवा आणि रिकामी ताटली द्या, ज्याला जे हवं ते तो घेईल. हे एका घराने सुरू केलं की चार घरं करतात.

प्रश्न (पुणे, वय ५८): मला नऊ वर्षं डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. सुनेने माझ्यासाठी गुळाचे आणि खजुराचे लाडू केलेत, शिवाय दुकानातून शुगर-फ्री काजूकतली आणलीय. हे मी निर्धास्त खाऊ शकतो ना? सोसायटीत धनत्रयोदशीला मोठा कार्यक्रम आहे, त्या दिवशी एक गोळी जास्त घेतली तर चालेल का?

उत्तर: काका, शेवटचं आधी सांगते. गोळी स्वतःच्या मनाने जास्त घेऊ नका. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही किती खाल्लंत हे त्या गोळीला कळत नाही. कार्यक्रमात जेवायला उशीर झाला, भाषणं लांबली, तर साखर खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, एकदम भूक लागणं, बोलण्यात गोंधळ, ही लक्षणं घरातल्या सगळ्यांना माहिती असू द्या. असं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात किंवा ग्लुकोज पावडर लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी शुगर परत तपासायची, कमीच असेल तर परत तेवढंच घ्यायचं, आणि मग थोडं जेवायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना. अशा वेळी लाडू देऊ नका, तो समोर असतो म्हणून पटकन दिला जातो, पण तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा उतरते.

आता गूळ आणि खजूर. सुनेने मायेने केलंय ते मला कळतंय, पण दहा ग्रॅम साखरेत ४० कॅलरी आणि दहा ग्रॅम गुळात ३८, फरक एवढाच. खजुराच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग साखरच असते, त्यासोबत थोडा चोथा मिळतो हे खरं, पण शुगर वाढायची ती वाढतेच. खजुराचा लाडू हा लाडूच आहे. अर्धा खा, जेवणानंतर खा, आणि तो खाल्लात त्या वेळी भात सोडा.

शुगर-फ्री काजूकतलीत साखर नसली तरी काजू असतात, कधी खवा आणि तूप पण. "साखर नाही" म्हणून माणूस एकाच्या जागी पाच खातो, तिथे घोटाळा होतो. काही मिठायांत साखरेऐवजी माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल घालतात, त्याने थोडी शुगर वाढते आणि जास्त खाल्लं तर पोट फुगतं, जुलाब होतात. बॉक्सवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचून घ्या.

नरकचतुर्दशीचं वेगळं सांगते कारण हे कोणी विचारत नाही. पहाटे अभ्यंगस्नान, कारीट फोडलं की लगेच फराळाला बसायचं, बाहेर अजून अंधार असतो. तुमची सकाळची गोळी आठच्या नाश्त्याबरोबर असेल तर त्या दिवशी साडेपाचचा फराळ हाच नाश्ता, मग आठला परत पोहे नकोत. गोळीची वेळ त्या दिवशी कशी बसवायची ते तुमच्या डॉक्टरांना आत्ताच फोन करून विचारा, दिवाळीत दवाखाने बंद असतात. आणि फराळाच्या आधी वाटीभर मोडाची मटकी किंवा एक उकडलेलं अंडं खाल्लंत तर शुगर एकदम उसळत नाही. सोसायटीच्या बुफेमध्ये पण हाच क्रम ठेवा, आधी कोशिंबीर-भाजी, मग डाळ-पनीर, पोळी-भात त्याच्यामागे आणि गोड अगदी शेवटी दोन चमचे. जेवून खुर्चीत बसू नका, सोसायटीतच पंधरा मिनिटं चाला, नातवाला बरोबर घ्या.

प्रश्न (ठाणे, वय २९): डिसेंबरमध्ये ऑफिसची पार्टी, मित्रांची पार्टी, थर्टी फर्स्ट. मी हार्ड ड्रिंक घेत नाही, फक्त बिअर, त्यामुळे त्रास नाही असं मला वाटतं. पण पोट सुटलंय. काय पिणं त्यातल्या त्यात बरं? आणि दुसऱ्या दिवशीच्या हँगओव्हरवर काही उपाय?

उत्तर: "फक्त बिअर" या दोन शब्दांवर जरा थांबूया. व्हिस्कीचा ३० मिलीचा छोटा पेग घेतला तर त्यात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ६५० मिलीच्या माइल्ड बिअरच्या बाटलीत, ५ टक्के धरलं तर, २५ ग्रॅम. आणि बाटलीवर स्ट्राँग लिहिलेलं असेल, ८ टक्क्यांपर्यंतची, तर ४० ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बिअर म्हणजे चार छोटे पेग. दोन बाटल्या घेतल्या की आठ झाले, आणि माणूस म्हणतो मी हार्ड घेत नाही. तुमच्या पोटाचं उत्तर पण यातच आहे, अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, म्हणजे तेल-तुपाच्या खालोखाल, आणि शरीर आधी अल्कोहोल जाळतं, बाकीचं खाल्लेलं साठवून ठेवतं.

मग बरोबर जे येतं ते. चिकन लॉलीपॉप, तळलेले शेंगदाणे, मसाला पापड, चीज फ्राइज. हे खारट असतं म्हणून तहान लागते, तहान लागली की परत ग्लास. चकणा म्हणून तंदुरी चिकन, उकडलेले शेंगदाणे कांदा-टोमॅटो-लिंबू घालून, काकडी-गाजर, भाजलेले चणे असं मागवता येतं, बहुतेक हॉटेलांत मिळतं, मागायची सवय नसते एवढंच.

बरं काय, असं विचारलंत तर न पिणं सगळ्यात बरं, आणि हे मी उपदेश म्हणून म्हणत नाहीये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या सुरुवातीला स्पष्ट सांगितलंय की अल्कोहोलचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, कॅन्सरचा धोका पहिल्या घोटापासून सुरू होतो. तरी तुम्ही पिणार असाल तर पोट भरून जा, पार्टीला पोचल्यावर आधी पाणी प्या, एका ड्रिंकनंतर एक मोठा ग्लास पाणी, आणि किती घ्यायचं ते घरातून निघतानाच ठरवा, कारण दुसऱ्या ग्लासानंतर ठरवणारा माणूस जागेवर नसतो. मिक्सरमध्ये साधा सोडा किंवा पाणी घ्या. टॉनिक वॉटरमध्ये साखर असते, कोल्ड्रिंकच्या एका कॅनमध्ये तर ३०-३५ ग्रॅम, म्हणजे सात चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला जमलं तर २५ ग्रॅमच्या आत ठेवा, ती एका कॅनमध्येच संपली. मॉकटेलचं पण तेच, रंगीत सिरपच्या जोरावर चालतात ते. न पिणाऱ्यांनी फ्रेश लाइम सोडा बिनसाखरेचा, जलजीरा किंवा नुसता सोडा-लिंबू-पुदिना मागवावा, ग्लास हातात असला की कोणी आग्रह पण करत नाही.

गाडीचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर गुन्हा आहे, पहिल्या वेळी १० हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ती मर्यादा ओलांडायला एक मोठा पेग पण पुरे होऊ शकतो. लिव्हर तासाला साधारण एका छोट्या पेगाएवढंच अल्कोहोल बाहेर काढतं, ब्लॅक कॉफी, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ यातल्या कशाने ते लवकर होत नाही. रात्री दोनला संपवलेली पार्टी सकाळी आठला पण रक्तात असू शकते. जाताना-येताना कॅब, किंवा न पिणारा मित्र चालवेल, हे आधीच ठरवून टाका.

हँगओव्हरला औषध नाही. पाणी, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, मऊ भात-वरण, झोप. सकाळी परत बिअर घेऊन उतारा करतात तो त्रास फक्त पुढे ढकलतो. डोकं दुखतं म्हणून पॅरासिटॅमॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेऊ नका, जास्त पिण्यावर ती लिव्हरला जड जाते, आणि आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलर आधीच जळजळणाऱ्या पोटाला. आणि डायबेटिसची औषधं किंवा इन्सुलिन घेणारा कोणी तुमच्या ग्रुपमध्ये असेल तर लक्ष ठेवा, रिकाम्या पोटी प्यायलं की लिव्हर रक्तात साखर सोडायचं काम मागे टाकतं, शुगर रात्री झोपेत खाली येऊ शकते आणि बाकीच्यांना वाटतं जास्त झालीय, झोपू दे.

प्रश्न (मडगाव, वय ५२): दिवाळी आणि नाताळ दोन्ही आमच्या वाड्यावर जोरात असतात. नाताळात शेजारून बेबिंका, दोदोल, नेवऱ्यांचं ताट येतं, जेवायला बोलावतात तेव्हा सोरपोतेल, चोरिसां. मला ब्लड प्रेशर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही आहे. काय सोडू?

उत्तर: गोडापेक्षा तुमच्यासाठी चोरिसां जास्त महत्त्वाचं. मीठ, व्हिनेगर, मिरची लावून टिकवलेलं डुकराचं मांस ते, म्हणजे मीठ आणि चरबी दोन्ही एकत्र, आणि पावाबरोबर खातात तर पावातलं मीठ वेगळं. दिवसभराचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. चवीपुरते दोन तुकडे घ्या, तेवढ्यावर थांबा आणि त्या दिवशी लोणचं, पापड, सुकी मासळी ताटात नको. सोरपोतेल पण डुकराच्या मांसाचंच, त्यात काळीज असतं, घरात कोणाला युरिक ॲसिड असेल तर त्यांनी जपूनच.

बेबिंका म्हणजे अंड्याचा बलक, नारळाचं दूध, तूप आणि साखर, थरावर थर भाजून केलेलं, करणारीचा अर्धा दिवस त्यात जातो. ते नको म्हणणं मला योग्य वाटत नाही. बोटभर जाडीची फोड घ्या, निवांत बसून खा. दोदोल, म्हणजे ती गूळ-नारळाची मिठाई, त्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी. नेवरी म्हणजे आपली करंजीच, वरच्या डोंबिवलीच्या ताईंना सांगितलेला हिशेब तिलाही लागू. आणि ब्लड प्रेशरची गोळी सणाच्या गडबडीत चुकवू नका, बऱ्याच जणांची ती हमखास याच दिवसांत चुकते.

प्रश्न (नागपूर, वय ३८): भाऊबीजेनंतरच्या रविवारी आमच्याकडे पंचवीसेक माणसं येणार. सासूबाई म्हणतात पनीर, पुरी, गुलाबजाम, कोल्ड्रिंक हवंच. मला जरा हलकं ठेवायचंय पण कोणी "आजारी माणसाचं जेवण" म्हणायला नको. मेनू सुचवा.

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला कारण पाहुणा काय खाणार हे निम्मं यजमानाच्याच हातात असतं. सासूबाईंशी वाद घालू नका, गुलाबजाम राहू द्या, फक्त लहान करा आणि शेवटी वाटीत एकेक द्या, टेबलावर पातेलं ठेवून नको. दोन-तीन गोडाचे पदार्थ कशाला, एकच ठेवा आणि तो उत्तम करा.

पिण्यापासून सुरू करा कारण तिथे कोणाला कमीपणा वाटत नाही. कोल्ड्रिंकच्या बाटल्या आणूच नका. आलं-कोथिंबीर-हिरवी मिरची वाटून लावलेला गार मठ्ठा माठात, आणि कोकम सरबत बेताच्या साखरेचं. सोलकढी केलीत तर छोट्या ग्लासात, नारळाच्या दुधात फॅट बरंच असतं. पाण्याचा जग आणि ग्लास अगदी पुढे ठेवा, लोक आधी हाताला लागेल ते पितात. दिवाळीच्या सुमाराला तुमच्याकडे आंबिया बहाराची संत्री येतात, ती सोलून, फोडी करून मोठ्या ताटात मध्यभागी ठेवा. रस काढू नका, रसात तीन-चार संत्र्यांची साखर एका ग्लासात जाते आणि चोथा टाकून देतो आपण.

स्टार्टर म्हणून वाफवलेली कोथिंबीर वडी तव्यावर थोड्या तेलात परतून, मटकीची चटपटीत भेळ, पनीर असेल तर तव्यावर भाजलेलं, रश्श्यात नाही. जेवणात पाटवडी रस्सा करा, सावजी मसाल्याचा झणका ठेवा, तेलाचा तवंग कमी ठेवा, बेसनाचं प्रोटीन मिळतं आणि नागपुरात पाटवडीला आजारी माणसाचं जेवण म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही. बरोबर ज्वारीची भाकरी आणि फुलके, पुऱ्या मुलांपुरत्या. वाफवलेल्या भाज्यांची दह्यातली कोशिंबीर मोठ्या भांड्यात, आणि बुफेत पहिल्या नंबरला कोशिंबीर, मग भाजी-डाळ, भात-पुरी शेवटी, ताट लोक पहिल्या तीन पदार्थांनीच भरतात. ताटं पण मध्यम घ्या.

चिवडा करणार असाल तर पातळ पोहे उन्हात तापवून किंवा मंद आचेवर कुरकुरीत भाजून, वरून फोडणी. तळलेल्या पोह्यांचा चिवडा तेल पितो, खाताना कळत नाही, हाताला कळतं. शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता सढळ घाला. करंजीच्या साट्याला किंवा तळणीला डालडा वापरत असाल तर बदला, २०२२ पासून वनस्पती तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही हे खरं पण सॅच्युरेटेड फॅट भरपूरच असतं. तळणीचं उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, त्यात परत परत तळू नका, धूर येऊन काळं झालेलं तर टाकूनच द्या.

खवा विकत आणणार असाल तर त्याच दिवशीचा, ओळखीच्या दुकानातून, आणि घरी आल्यावर लगेच फ्रिजमध्ये. शंका असेल तर चिमूटभर खवा पाण्यात उकळून गार करा, त्यात आयोडीनचे दोन थेंब टाका, निळा झाला तर त्यात स्टार्च मिसळलंय. जेवण संपल्यावर उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जाऊ द्या, गप्पा मग मारा, पार्टीनंतरची पोटं बहुतेक वेळा रात्रभर बाहेर राहिलेल्या पनीर-दह्यानेच बिघडतात.

प्रश्न (सांगली, वय ६३): दिवाळीत रोज रात्री जळजळ, आंबट ढेकर. फसफसणारी पावडर पाण्यात टाकून घेतो, बरं वाटतं. रोज घेतली तर चालते का?

उत्तर: रोज नको. त्या पावडरीत सोडियम भरपूर असतं, तुम्हाला ब्लड प्रेशर किंवा किडनीचं काही असेल तर विशेषकरून टाळा. रात्रीचं खाणं साडेसात-आठला आटपा, खाल्ल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नका, तळलेलं सकाळच्या वेळी खा आणि फराळावर लगेच चहा घेऊ नका. पलंगाच्या उशाकडच्या पायाखाली विटा ठेवून उंची वाढवली तर बऱ्याच जणांना आराम पडतो. आणि काका, जळजळीबरोबर छातीत दाब, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर ॲसिडिटी म्हणून पावडर घेत बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. सणात लोक हे अंगावर काढतात, मला त्याची फार काळजी वाटते.

प्रश्न (कोल्हापूर, वय १९): दिवाळीला सगळे नातेवाईक जमतात आणि आल्या आल्या माझ्या वजनावर बोलतात, "किती सुटलीस गं", आणि तेच लोक पाच मिनिटांनी लाडू हातात देतात. मी त्यांच्यासमोर खातच नाही, रात्री एकटी असताना खूप खाते, मग दोन दिवस काहीच खात नाही. आई म्हणते मनावर घेऊ नकोस. मला यंदा जायचंच नाहीये.

उत्तर: अगं, तू लिहिलंस हे खूप चांगलं केलंस. न जाण्याचा हक्क तुला आहे, पण तुझी दिवाळी त्यांच्यामुळे जावी असं मला वाटत नाही, म्हणून दोन-तीन गोष्टी सांगते. कोणी वजनावर बोललं तर एकदाच, आवाज न चढवता म्हण, "मावशी, माझ्या वजनावर नको बोलूया, तुमचं कसं चाललंय सांगा." परत बोलल्या तर उठून दुसऱ्या खोलीत जा, हे उर्मट नाहीये.

खाण्याचं म्हणशील तर सगळ्यांसमोर बसून खा. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळचं खाणं, काहीही चुकवू नकोस, आदल्या रात्री जास्त खाल्लं असेल तरी दुसऱ्या दिवशीचा नाश्ता करायचाच. दिवसभर उपाशी राहिल्यावर रात्री हात डब्याकडे जातो तो मनाच्या कमजोरीने नाही, शरीर अन्न मागत असतं. उपास, परत खूप खाणं, परत उपास हे चक्र त्याच जागी तोडता येतं, सकाळच्या नाश्त्यापाशी. लाडू खा एक, सगळ्यांबरोबर हसत खा.

पण हे आठवड्यातून एकदा तरी होत असेल, किंवा खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढत असशील, जुलाबाच्या गोळ्या घेत असशील, किंवा पाळी अनियमित झाली असेल, तर हे डाएटने सुटणारं नाही आणि त्यात तुझी काही चूक पण नाही. फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा असं स्पष्ट सांग, यावर चांगले उपचार आहेत. मन मोकळं करावंसं वाटलं तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

तुझ्या आईलाही दोन शब्द. ताई, "मनावर घेऊ नकोस" असं मुलीला सांगण्यापेक्षा या वेळी पाहुणे यायच्या आधी बहिणींना आणि जावांना एकेक फोन करा आणि सांगा की आमच्या घरी यंदा कोणाच्या वजनावर, रंगावर, लग्नावर बोलायचं नाही. तुम्ही सांगितलंत तर त्या ऐकतील.